व्यासपीठावरची चार मिनिटे

अमेरिकेतल्या कम्युनिटी कॉलेजच्या पदवीदान समारंभात बहुतेक ठिकाणी दोन भाषणे घरच्या माणसांची असतात. एक त्या वर्षी पदवी घेणाऱ्या विद्यार्थ्याचे आणि दुसरे शिकवणाऱ्या प्राध्यापकाचे. विद्यार्थ्याला तीन-चार मिनिटे मिळतात, प्राध्यापकाला त्याहून थोडी जास्त. कॉलेजचे अध्यक्ष आणि विश्वस्त मंडळाचे सदस्यही बोलतात. पण ते बोलणे स्वागताचे आणि अभिनंदनाचे असते, गेल्या वर्षीचे यंदा वाचले तरी चालून जाईल असे. ही दोन भाषणे मात्र त्याच वर्षाची आणि समोर बसलेल्या त्याच माणसांची असतात.

मराठी वाचकाला विद्यार्थ्याचे भाषण थोडे अनोळखी वाटेल. मुंबई विद्यापीठ १८५७ साली लंडन विद्यापीठाच्या धर्तीवर स्थापन झाले, आणि तेव्हापासून आपल्याकडच्या दीक्षान्त समारंभात बोलायचे ते कुलपतींनी, कुलगुरूंनी आणि प्रमुख पाहुण्यांनी. स्नातकाने नाव पुकारले की उठायचे, पदवी घ्यायची, नमस्कार करायचा आणि जागेवर येऊन बसायचे. जुनी परंपराही तशीच आहे. तैत्तिरीय उपनिषदाच्या शीक्षावल्लीत आचार्य निघालेल्या शिष्याला जगात कसे वागावे हे सांगतात; त्यावर शिष्य काय म्हणाला याची नोंद तिथे नाही. अमेरिकेत रिवाज वेगळा पडला. हार्वर्ड कॉलेजचा पहिला समारंभ १६४२ साली झाला, तेव्हा नऊ पदवीधर होते आणि लॅटिन-ग्रीकमधली भाषणे त्यांनीच केली. बाहेरच्या मान्यवराने येऊन उपदेश करण्याची पद्धत तिथे पुढे आली. म्हणजे विद्यार्थ्याने बोलणे हे नव्या काळाचे लाड नव्हेत. समारंभाचा तोच मूळ भाग आहे.

ज्यांच्यासाठी हार्वर्डचे दार कधी उघडले नसते, अशांच्या कॉलेजांत हा रिवाज टिकून राहिला, आणि तिथे त्याला निराळे वजन आले. इलिनॉय राज्यातल्या जोलिएट गावी १९०१ साली तिथल्या हायस्कूलला जोडून दोन वर्षांचा कॉलेज अभ्यासक्रम सुरू झाला. शिकागो विद्यापीठाचे अध्यक्ष विल्यम रेनी हार्पर आणि जोलिएटचे शाळाप्रमुख जे. स्टॅन्ली ब्राउन यांची ती कल्पना, आणि पहिल्या तुकडीत विद्यार्थी अवघे सहा. जोलिएट ज्युनिअर कॉलेज हे आज देशातले सर्वांत जुने सरकारी कम्युनिटी कॉलेज समजले जाते. १९४४ च्या कायद्याने युद्धावरून परतलेल्या सैनिकांना शिक्षणाचा खर्च मिळू लागला. १९४७ साली अध्यक्ष ट्रुमन यांच्या आयोगाने लिहिले की देशातल्या जवळपास निम्म्या लोकांची चौदा वर्षे शिकण्याची कुवत आहे, आणि त्यांच्यासाठी गावोगावी कॉलेजे हवीत. ‘कम्युनिटी कॉलेज’ हे नाव या अहवालाने रूढ केले. १९६० मध्ये कॅलिफोर्नियाने उच्च शिक्षणाचा आराखडा केला. त्यात राज्याचे संशोधन विद्यापीठ सर्वांत वर, त्याखाली राज्य विद्यापीठाची कॉलेजे, आणि पायाला ज्याला शिकायचे आहे त्या प्रत्येकाला प्रवेश देणारी कम्युनिटी कॉलेजे. आज त्या एका राज्यात अशी ११६ कॉलेजे आहेत. राज्याच्या रहिवाशाला एका युनिटची फी ४६ डॉलर, आणि दोन वर्षांच्या असोसिएट पदवीला ६० युनिट लागतात. दोन वर्षांनी विद्यार्थी मोठ्या विद्यापीठाच्या तिसऱ्या वर्षात जाऊ शकतो, किंवा परिचर्या, वेल्डिंग, मोटार दुरुस्ती, बालशिक्षण अशा कामाला लागू शकतो.

प्रवेशाला अट नाही, आणि भाषणाची सगळी अडचण व सगळे सामर्थ्य या एका गोष्टीतून येते. चार वर्षांच्या निवासी विद्यापीठात समोर बसलेले बहुतेक जण बाविशीच्या आसपासचे असतात. एकाच वसतिगृहात राहिलेले, एकाच खाणावळीला नावे ठेवलेले. तिथे बोलणाऱ्याने ‘आपण’ म्हटले की त्याचा अर्थ सर्वांना कळतो. कम्युनिटी कॉलेजच्या मैदानावर हायस्कूल चालू असतानाच असोसिएट पदवी पुरी केलेली सतरा वर्षांची मुलगी असते, आणि तिच्या शेजारच्या खुर्चीवर नातवंडे झालेले आजोबा. इराक-अफगाणिस्तानातून परतलेला सैनिक असतो. गोदामात रात्रपाळी करून सकाळी आठच्या तासाला बसणारा असतो. तुरुंगवास भोगून आलेलाही असतो. बरेच विद्यार्थी अर्धवेळ शिकतात, म्हणून दोन वर्षांच्या पदवीला पाच, सात, कधी दहा वर्षे लागतात. यांचा ‘आपण’ कुठला? एका वाहनतळापलीकडे सर्वांच्या वाट्याला आलेली जागा शोधून सापडत नाही. म्हणूनच की काय, वाहनतळाचा उल्लेख या भाषणांत हमखास येतो, आणि त्याला मिळणारा हशा खऱ्या ओळखीचा असतो.

बोलणारा विद्यार्थी निवडण्याची रीत कॉलेजागणिक थोडी बदलते. सर्वांत जास्त गुण मिळवणाऱ्याला भाषणाचा मान द्यायचा, ही हायस्कूलची पद्धत इथे सहसा चालत नाही. इच्छुकांनी मसुदा द्यायचा, मग प्राध्यापक, कर्मचारी आणि विद्यार्थी यांच्या समितीसमोर तो वाचून दाखवायचा, असा सर्वसाधारण क्रम. समितीपुढे येणाऱ्या मसुद्यांत दोन प्रकार फार. एकात शब्दकोशातली ‘यश’ या शब्दाची व्याख्या आणि थोरामोठ्यांची वचने. दुसऱ्यात स्वतःवर कोसळलेल्या संकटांची यादी, एकाखाली एक. दुसऱ्या प्रकारातले दुःख खरे असते, आणि तरीही ऐकणाऱ्यापर्यंत पोचत नाही. याचे कारण मांडणीत आहे. यादीतला प्रत्येक प्रसंग पुढच्या प्रसंगाला वाट करून देण्यापुरताच थांबतो. चांगली समिती त्या विद्यार्थ्याला एकच प्रसंग ठेवायला सांगते आणि त्या प्रसंगातले बारीकसारीक विचारून घेते. शेवटची बस किती वाजता सुटायची? मूल आजारी पडले त्या रात्री कुठला निबंध लिहायचा राहिला होता? ज्याने अर्ज फाडून टाकला होता, त्याला दुसरा अर्ज कोणत्या खिडकीवर कोणी दिला? चार मिनिटांत एक आयुष्य मावत नाही, एक मंगळवार मावतो.

समारंभ पुष्कळदा कॉलेजच्या क्रीडांगणावर, मे-जूनच्या उन्हात होतो. आदल्या दिवशी दुपारी रंगीत तालीम असते. हजारो रिकाम्या खुर्च्या मांडलेल्या, त्यांवर क्रमांकांच्या चिठ्ठ्या, आणि माईकशी एकटी उभी राहिलेली विद्यार्थिनी. तिच्या हातात मोठ्या टायपात छापलेली तीन पाने असतात, वाऱ्याने उडू नयेत म्हणून प्लॅस्टिकच्या पाकिटात घातलेली. पानाच्या खालचा तिसरा हिस्सा कोरा सोडलेला; नजर तितकी खाली गेली की चेहरा झाकतो आणि आवाज कागदात पडतो. पहिलेच वाक्य म्हणताच ती दचकते, कारण आपलाच आवाज क्षणभराने मैदानाच्या पलीकडून परत येतो. ध्वनी सेकंदाला साधारण ३४० मीटर जातो, आणि दूरच्या बाकांवर आपटून परतायला त्याला अर्धा-पाऊण सेकंद लागतो. नवखा वक्ता त्या परत आलेल्या शब्दासाठी थांबतो, मग अडखळतो, मग घाईने पुढे जातो. ध्वनियंत्रणा सांभाळणारा माणूस तिला सांगतो, की स्वतःचे ऐकू नका, पहिल्या रांगेतल्या कोणाशी तरी बोला. ती रिकाम्या खुर्चीकडे बघून पुन्हा सुरुवात करते. खुणांच्या भाषेत अनुवाद करणारी दुभाषी बाजूला उभी राहून तिचा वेग पाहते आणि मजकुराची एक प्रत मागून घेते. माणसांची नावे, गावांची नावे आधी कळली तर बोटांना ती अडत नाहीत.

दुसऱ्या दिवशी ती उभी राहते तेव्हा टोपीवर काहीतरी चिकटवलेले असते. मोत्यांनी, चमकीने लिहिलेली आईची किंवा मुलाची नावे समोरून दिसत नाहीत. ती वाचायची असतात वरच्या बाकांवरून, आणि वरच्या बाकांवर घरचीच मंडळी बसलेली असतात. चांगले भाषण आणि ही टोपी यांच्यात साम्य आहे. दोन्ही दिसतात हजारोंना, पण लिहिलेली असतात दोघा-चौघांसाठी. भाषणाच्या मध्याला किंवा अखेरीला एखादे वाक्य स्पॅनिशमध्ये येते, किंवा व्हिएतनामीत, तागालोगमध्ये, फारसीत. इंग्रजीत बोललेले सगळे ज्यांच्या डोक्यावरून गेले, ते आईवडील त्या एका वाक्याला उठून उभे राहतात. समारंभाच्या दृष्टीने ते वाक्य म्हणजे सात-आठ सेकंद. ते त्या जागी म्हटले जावे, हे मात्र फार योग्य आहे. ज्या घराने आपली भाषा मुलाच्या शिक्षणासाठी उंबऱ्याबाहेर ठेवली, त्या घराला तेवढ्या वेळापुरता व्यासपीठावर हक्क मिळतो.

मराठी घरांचाही या मैदानाशी खरा संबंध आहे. सिलिकॉन व्हॅलीत क्युपर्टिनो इथे १९६७ साली सुरू झालेले डी अँझा कॉलेज, त्याच्या आसपासची फूटहिल, मिशन, ओलोनी ही कॉलेजे भारतातून गेलेल्या कुटुंबांच्या रोजच्या वाटेवरची. नवऱ्याच्या नोकरीच्या व्हिसाला जोडलेला एच-४ व्हिसा घेऊन गेलेल्या बाईला शिकता येते, पण नोकरी करता येत नाही. २०१५ पासून काही जणींना कामाचा परवाना मिळू लागला, तोही नवऱ्याच्या ग्रीन कार्डाचा अर्ज ठरावीक टप्प्यावर पोचला असेल तरच. पुण्याची इंजिनिअर, नागपूरची एम. कॉम., कोल्हापूरची शाळामास्तरीण अशा बायका संध्याकाळच्या तासाला बालशिक्षणाचा किंवा हिशेबशास्त्राचा एक विषय घेतात. कॅलिफोर्नियात बालवाडीची शिक्षिका व्हायला या विषयातली निदान १२ युनिट लागतात, आणि ती पुरी करता करता पदवीच हाताशी येते. अशी बाई भाषणाला उभी राहिली तर तिच्यापुढे एक अवघड प्रश्न असतो. तिच्याजवळ पदवी आधीचीच होती. ही दुसरी पदवी तिला काय देऊन गेली, हे तिला आधी स्वतःशी ठरवावे लागते. उत्तर बहुधा नोकरीचे नसतेच. हजेरी घेताना कोणी तरी तिला तिच्या स्वतःच्या नावाने हाक मारत होते, हे ते उत्तर. घरी, दारी, फॉर्मवर ती कोणाची तरी अवलंबित होती, वर्गात नव्हती.

प्राध्यापकाच्या भाषणाकडे वळले की सूर बदलतो. त्याची निवड कधी त्या वर्षीच्या उत्तम शिक्षकाच्या पुरस्काराने होते, कधी सहकारी ठरवतात, कधी विद्यार्थी मते देतात. कम्युनिटी कॉलेजात शिकवायला बहुतेक विषयांना मास्टर्स पदवी पुरते, त्यामुळे व्यासपीठावर दिसतो तो मास्टर्सचा झगा. याची बाही विचित्र असते. हात मधूनच बाहेर येतो आणि उरलेले कापड बंद टोकाच्या पिशवीसारखे खाली लोंबते. जुने प्राध्यापक त्या पिशवीत चष्मा, किल्ल्या, पाण्याची छोटी बाटली आणि भाषणाचा कागद ठेवतात. अनेक वर्षे झगा भाड्याने न घेता स्वतःचाच वापरल्याची ती खूण.

विद्यार्थी एकदाच बोलतो आणि स्वतःच्या वाटेचे बोलतो. प्राध्यापकाने तीच वाट वीस-पंचवीस वर्षे दारात उभे राहून पाहिलेली असते. कोण पहिल्या आठवड्यात सोडून गेला, कोण तीन वर्षांनी परत आला, कोणाला नापास करताना आपला हात थांबला आणि तरी केले, हे त्याला ठाऊक असते. म्हणून त्याचे उत्तम भाषण उपदेशाचे नसते, साक्षीचे असते. मी हे पाहिले आहे, एवढेच तो सांगतो. गणिताच्या प्राध्यापकाचे उदाहरण घेतले तर हे नीट कळते. कॅलिफोर्नियात वर्षानुवर्षे प्रवेश-चाचणीत कमी पडलेल्या विद्यार्थ्याला आधी अंकगणित, मग प्राथमिक बीजगणित, मग त्यापुढचे बीजगणित असे पूरक वर्ग करावे लागत. त्यांतल्या बऱ्याच वर्गांचे गुण पदवीत धरले जात नसत, आणि या साखळीत हजारो जण गळत. २०१७ च्या एका कायद्याने कॉलेजांना बजावले, की हायस्कूलमधली कामगिरी पाहा आणि शक्य त्याला थेट पदवीच्या गणितात बसवा. ज्या शिक्षकाने दोन्ही काळांत शिकवले, त्याला माहीत असते की पूर्वी मागच्या बाकावरून नाहीसे झालेले सगळेच काही गणितात कच्चे नव्हते. हे भर समारंभात कबूल करायला धैर्य लागते. ज्या भाषणात ही कबुली असते, ते भाषण विद्यार्थ्यांपेक्षा बाजूला बसलेले सहकारी अधिक कान देऊन ऐकतात.

इथे एक उणीव सांगायला हवी. सरकारी कम्युनिटी कॉलेजांतले सुमारे दोन तृतीयांश शिक्षक अर्धवेळ आहेत. एका सत्रात दोन-तीन कॉलेजांत तास घ्यायचे, मोटारीच्या डिकीत उत्तरपत्रिकांचे गठ्ठे, भेटायला खोली नाही म्हणून विद्यार्थ्याशी बोलणे ग्रंथालयाच्या पायरीवर. पहिल्या पिढीच्या कितीतरी विद्यार्थ्यांना कॉलेजात भेटलेला पहिला शिक्षक हाच असतो, आणि विद्यार्थ्यांच्या भाषणांत आभाराला येणारे नावही पुष्कळदा याचेच. पूर्णवेळ प्राध्यापकाच्या करारात समारंभाची हजेरी अनेक ठिकाणी धरलेली असते. अर्धवेळ शिक्षकाला मात्र तासापुरता पगार, म्हणून त्या संध्याकाळी तो दुसऱ्या गावी तासावर असतो. व्यासपीठावरून त्याचे नाव घेतले जाते तेव्हा ते ऐकायला तो तिथे नसतो. काही कॉलेजांनी अर्धवेळ शिक्षकांनाही भाषणाचा मान दिला आहे, सगळ्यांनी द्यावा.

मोठे पाहुणे इथेही येतात. मायामी डेड कॉलेजच्या समारंभात २००७ साली अध्यक्ष जॉर्ज डब्ल्यू. बुश बोलले आणि २०११ साली बराक ओबामा. त्या कॉलेजचे तेव्हाचे प्रमुख एदुआर्दो पाद्रोन स्वतः क्युबातून निर्वासित म्हणून पंधराव्या वर्षी आलेले आणि त्याच कॉलेजचे माजी विद्यार्थी. जिल बायडन नॉर्दर्न व्हर्जिनिया कम्युनिटी कॉलेजात इंग्रजी शिकवत आणि व्हाइट हाउसमध्ये राहायला गेल्यावरही शिकवत राहिल्या. अशा समारंभांत त्या पुष्कळदा बोलल्या आहेत. हेवर्डच्या शाबो कॉलेजात शिकलेले नट टॉम हँक्स यांनी २०१५ मध्ये वर्तमानपत्रात लेख लिहून आपले सगळे श्रेय त्या दोन वर्षांना दिले. अशा माणसाच्या येण्याने कॉलेजची शान वाढते, बातमी होते, देणगीदार जागे होतात, आणि कॉलेजांना देणग्यांची गरज आहेच. तरीही पाहुण्याचे भाषण या मैदानावर पाहुणेच राहते. ‘इथून कुठेही पोचता येते’ हे तो सांगू शकतो. ‘इथपर्यंत पोचणे’ म्हणजे काय, हे सांगायला त्याच खुर्च्यांतून उठलेला माणूस लागतो.

आणि ज्यांच्या खुर्च्याच मांडल्या गेल्या नाहीत, त्यांचे काय? सरकारी दोन वर्षांच्या कॉलेजात पूर्णवेळ प्रवेश घेणाऱ्या नवख्यांपैकी तीन वर्षांच्या आत पदवी वा प्रमाणपत्र मिळवणारे साधारण तीनांत एक. काही जण मधेच मोठ्या विद्यापीठात जातात, ते निराळे. बाकीच्यांना कोणाच्या आजारपणाने, भाड्याने, बदललेल्या पाळीने बाहेर ओढलेले असते. यांचा उल्लेख करणारे विद्यार्थी-भाषण क्वचित ऐकू येते, पण येते. पहिल्या सत्रात माझ्या शेजारी बसणारा एक जण होता, माझ्यापेक्षा हुशार होता, आज तो इथे नाही, अशा धाटणीचे ते बोलणे असते. त्या वाक्याला टाळ्या पडत नाहीत. मैदान गप्प होते, कारण प्रत्येकाला आपापला शेजारी आठवतो.

भाषणे संपली की नावे पुकारली जातात, आणि यात सर्वांत जास्त वेळ जातो. प्रत्येकाच्या हातात एक कार्ड असते. त्यावर आपले नाव कसे उच्चारावे हे त्याने स्वतःच्या हाताने लिहिलेले. एखाद्या ज्ञानदाचे नाव इंग्रजीत ‘डी, एन, वाय’ अशा अक्षरांनी सुरू होते, आणि पुकारणारा तिथेच ठेचकाळतो. म्हणून रांगेत उभी असताना ती कार्डावर पेनाने ‘डी’च्या पुढे एक आडवी रेघ ओढते आणि नाव तोडून पुन्हा लिहिते. पुकारणारा बहुधा भाषाविषयाचा किंवा नाट्यशास्त्राचा प्राध्यापक असतो. तो कार्ड हातात घेतो, एकदा ओठांतल्या ओठांत म्हणून पाहतो, तिच्याकडे बघतो. ती मान हलवते, आणि मग तो ते माईकवर म्हणतो.

शेवटी सर्वांनी टोपीचा गोंडा उजवीकडून डावीकडे घ्यायचा. बाहेर पडताना अनेक कॉलेजांत प्राध्यापक दोन रांगा करून उभे राहतात आणि पदवीधर त्यांच्या मधून जातात. भाषण केलेली विद्यार्थिनीही त्या रांगेतून जाते. प्लॅस्टिकच्या पाकिटातली तीन पाने तिने गुंडाळून हातात धरलेली असतात. भाषण केलेला प्राध्यापक टाळ्या वाजवत उभा असतो. त्याच्या बाहीतला कागद टाळ्यांबरोबर हलत राहतो.